भोपळ्या ऊर्फ वादळ

१० जानेवारी २०२५, शुक्रवार

मोबाईल फॅन! मला म्हणाले. मला!

काल संध्याकाळी 'वादळ लव्हर्स' ग्रुपवर विक्रांतने 'खरा फॅन कोण' म्हणून प्रश्न टाकले. वादळने पहिला गुलाल कुठल्या मैदानात घेतला? त्याच्या जोडीला पळणारा बैल कुणाचा? वादळचं कुठलं शिंग जरा वाकडं? सगळी उत्तरं सगळ्यांच्या आधी माझी. कौतुक राहिलं बाजूला. कुणीतरी लिहिलं — 'ताई सगळं सांगतात, पण शर्यतीला कधी दिसल्या नाहीत. मोबाईल फॅन.' खाली दात काढून हसणाऱ्या तोंडांची रांग. त्यात विक्रांतचंही एक.

शर्यती रविवारी. आनंदनगरच्या कंपन्यांना सुट्टी शुक्रवारी. रविवारी मी पॅकिंगच्या पट्ट्यासमोर उभी असते. ॲप्रनच्या खिशात मोबाईल. सुपरवायझरची पाठ वळली की लाइव्ह बघते. बैल पळून होईस्तोवर पाण्याचा घोट घशाखाली उतरत नाही. हा ह्यांचा मोबाईल फॅन!

आई म्हणाली, "यशोधरा, बैलासाठी कुणी एवढं जिवाला लावून घेतं का? माणसं बघायला येतात तेव्हा तोंड वाकडं करतेस."

बघायला येणारी माणसं परत जायलाच येतात, आई. एकदा लग्न करून पाहिलं ना. बास झालं.

१३ जानेवारी, सोमवार

हे सगळे त्याला वादळ म्हणून ओळखतात. मी ओळखायला लागले तेव्हा तो भोपळ्या होता.

कंपनीच्या मागच्या भिंतीला लागून बुधाजीकाकांचा गोठा. तेव्हा मी नुकतीच नांदणं सोडून आईकडे अंबरनाथला आले होते. कँटीनमध्ये बायकांच्या चौकशा नकोत म्हणून डबा घेऊन भिंतीपाशी बसायचे. भिंतीला फट आहे, हात जाईल एवढी. पलीकडे हे वासरू — पाय काड्यांसारखे आणि पोट हे एवढं! मी भोपळ्या म्हणायला लागले. भाकरीचा तुकडा, त्यावर गूळ. आठवडाभरात त्याला माझी हाक कळायला लागली. "भोपळ्याऽऽ, ये!" म्हटलं की रानात कुठेही असो, सरळ भिंतीकडे धावत सुटायचा. स्वतःच्या आईला ढुशी मारून यायचा! त्या दिवसांत माझ्यासाठी धावत येणारं जगात दुसरं कोणी नव्हतं.

पुढे पळायला लागला तेव्हा काकांनी नाव बदललं. म्हणाले, "भोपल्या म्हून पलवला तं लोकं हसतील गो बाय." म्हणून वादळ. आता भोपळ्या म्हणणारी मी एकटीच.

आजही हाक मारली की कान टवकारतो, मान वळवतो, दावं ताणतो. विक्रांतने 'वादळ भाई, इधर देख' करून घसा फोडावा — शेपूट हलत नाही!

१९ जानेवारी, रविवार

जिंकला! बिनजोड होती — दोनच गाड्या, तुझी का माझी. पट्ट्यावरची दोन खोकी बिनलेबलची पुढे गेली. बोलणी खाल्ली. खाल्ली तर खाल्ली!

संध्याकाळी ग्रुपवर डीजे, गुलाल, उघड्या जीपवर नाचणारी पोरं. बैलाचा एक फोटो नाही. ह्यांना बैल कशाला हवा? बॅनर पुरे.

२४ जानेवारी, शुक्रवार

मुद्दाम सुट्टीच्या दिवशी भाकरी घेऊन गोठ्यात गेले. विक्रांत तिथे! उल्हासनगर कॅम्प पाचवरून बाईक हाणत आलेला. जीन्सच्या कारखान्यात शिलाईला आहे म्हणे. स्वतःची पँट मात्र दोन्ही गुडघ्यांवर फाटलेली. वादळच्या गळ्यात हात टाकून रील चाललेली. वादळ बिचारा तोंड फिरवून उभा.

"ताई, जरा साइडला व्हा ना, फ्रेममध्ये येताय."

मी फ्रेममध्ये येते! मी म्हटलं, "तो वासरू होता तेव्हा तू कुठे होतास रे?"

"तब पता नहीं था ना ताई. आता आलोय ना? लेट आनेवाले को प्यार नहीं होता क्या?" आणि हसला. "परवा मैदानात या. दोस्ताचा ड्रोन लावतोय. लग्नं शूट करतो तो. अपने वादळ का लेवल देखो एक बार सामने से."

परवा रविवार — आणि सव्वीस जानेवारी! कंपनी बंद! माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. ह्याच्या तोंडून कळावं, ह्याचाही राग आला.

२५ जानेवारी, शनिवार

उद्या विहारात झेंडावंदन, संविधानाचं वाचन. आई म्हणते दरवर्षी येतेस, यंदाच काय? यंदाच! दोन भाकऱ्या जास्त थापल्या. मोबाईल फॅन म्हणे. बघा आता.

२६ जानेवारी, रविवार

पडला. पुढचा डावा पाय मोडला. नाही लिहवत.

२७ जानेवारी, सोमवार

रजा टाकली. लिहून काढलं नाही तर डोकं फुटेल.

बदलापूरच्या पुढे मैदान. हजारो माणसं, बायका हाताच्या बोटांवर. 'ही कुठून आली' अशा नजरा. एक म्हातारा म्हणाला, "मागं सर गो, बैल अंगावं येल." मी सरले नाही. शेवटच्या रेषेच्या थोडं अलीकडे, डाव्या हाताला, दोरीला पोट लावून उभी राहिले. आयुष्यात पहिल्यांदा त्याला पळताना डोळ्यांनी बघणार होते. हातात भाकरीची पिशवी तशीच.

झेंडा पडला. धुरळा. आणि त्यातून तो! मोबाईलवर काही कळत नाही. जमीन हादरते, छातीत ऐकू येते. समोरच्या गाडीला मागे टाकून पुढे, निव्वळ पुढे. सगळं मैदान वादळ वादळ ओरडत होतं. मीही ओरडत होते, काय ओरडले देव जाणे, घसा अजून बसलेला आहे. डोळ्यांतून पाणी.

आणि एकदम तो डावीकडे ओढला. सरळ पळणारा बैल! जोडीचा फरपटला, छकडा कलला, गाडी हाकणारा जनू हवेत उडाला. दोरीपासून चार हातांवर भोपळ्या कोसळला. माझ्या समोर.

तो ड्रोन! सकाळपासून डोक्यावर घोंघावत होता. नेमका त्या वेळी कुठे होता म्हणून विचारतात. कुठे असणार! जनावर बिथरलं ते उगाच? जनूचा खांदा निखळला. तोही म्हणतो, काहीतरी बघून बिथरला.

विक्रांत मोबाईल हातात धरून रेषेवर उभा होता. शूट करत होता. बैल पडला तरी हात खाली आला नाही! मी जाऊन त्याच्या थोबाडीत मारली. सगळ्यांसमोर. "ड्रोन लांब होता, ताई," एवढंच म्हणाला.

३१ जानेवारी, शुक्रवार

पायाला प्लास्टर. डॉक्टर म्हणाले, पळायचं विसरा. उभा राहिला तरी नशीब. मोडलेल्या पायावर उठायची धडपड करू देऊ नका, हाड सरकलं तर संपलं. बुधाजीकाका म्हणाले, "घरचा हाय. निजून रेला तरी घरचाच."

आणि लव्हर्स? पहिले दोन दिवस रडके इमोजी, 'गेट वेल सून किंग'. आज ग्रुपचं नाव बदललं. ज्याने समोरच्या गाडीला जिंकवलं, त्या बैलाचं नाव. 'रॉकेट लव्हर्स'! तीच माणसं, तेच हार्ट. एकालाही लाज नाही. मी लिहिलं, 'तुम्ही बैलाचे नाही, गुलालाचे फॅन.' मला काढून टाकलं.

गोठ्यात चिटपाखरू नाही. हो, एक आहे. विक्रांत. कारखान्यातून सुटला की येतो. बसतो. वादळची कूस बदलायला काकांना हातभार लावतो, शेण काढतो. दुःखाची रील करायची असेल. त्यालाही व्ह्यूज असतात.

३ फेब्रुवारी, सोमवार

जेवणाच्या सुट्टीत भिंतीपाशी गेले. आमच्या हातचं खात नाही म्हणतात काका. फटीतून हाक मारली — "भोपळ्याऽऽ, ये!" — आणि त्या पडल्या जनावराने मान उचलली! पुढचा पाय ओढून उठायला बघत होता! माझ्यासाठी!

तर पलीकडून विक्रांतचा आवाज. आज खाडाच करून आलेला. "ताई, हाक नका मारू त्याला. प्लीज."

कोण हा? मी हाक मारू नको! पोटात दुखतंय ह्याच्या. ह्याच्या हाकेला बैल डोळा उघडत नाही, आणि माझ्या हाकेला मोडक्या पायाने उठतो. नवा फॅन जुन्याला शिकवतोय. कालचा पोर अन् आज थोर.

४ फेब्रुवारी, मंगळवार

आज सोक्षमोक्ष लावला. सुट्टी झाल्यावर सरळ गोठ्यात. काकांसमोर म्हटलं, ज्याच्यामुळे बैल पडला तोच इथे बसतो, आणि तुम्ही बसू देता?

काकांनी विचारलं, "काय रं, तुझे डोनमुलं झाला काय ह्यो?"

विक्रांतने माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. परवापर्यंत 'ड्रोन लांब होता' म्हणणारा! मग मान खाली घालून म्हणाला, "हां काका. माझ्यामुळेच झालं. गलती मेरी."

कबूल! काका एवढंच म्हणाले, "जा पोरा. परत येव नुको." तो उठला. वादळच्या पाठीवर हात फिरवला. माझ्या जवळून जाताना हळूच म्हणाला, "ताई, त्याला लांबून बोलवू नका. जवळ जाऊन भरवा." जाता जाताही शहाणपण!

आईला सांगितलं. वाटलं, म्हणेल बरं केलंस. ती भाजी निवडत होती. म्हणाली, "शेवटपर्यंत बसला होता तोच एक, त्यालाही घालवलंस."

११ फेब्रुवारी, मंगळवार

आता गोठ्यात मी आणि काका. खरा कोण, ते उरल्यावर कळतं. फॅन कुणीही होतं — बटण दाबलं की झालं. ओळख मिळवावी लागते. भाकरीभाकरीने.

पण प्लास्टरवर सूज आलीय. डॉक्टर काकांवर ओरडले — हाड सरकलंय, हा हलतो कसा, उठायला कोण लावतं ह्याला? काका म्हणाले, "आमी नाय हात लावत." मग कूस बदलताना कुणीतरी हयगय केली असेल. म्हणजे कुणी, ते मला माहीत आहे.

१२ फेब्रुवारी, बुधवार

विक्रांतने वादळच्या रील्सचं पेज बंद केलं. एवढे हजारो फॉलोअर, आणि बंद! पुरावा लपवतोय. मी मेसेज केला, त्या दिवशीचं शूटिंग कुठे आहे? लोकांना बघू दे.

'डिलीट केलं ताई.'

खोटं. पुन्हा लिहिलं, फोन केले. उचलला तेव्हा सांगितलं, नाही दिलंस तर पोलिसांत जाते. मुक्या जनावराचा पाय मोडलाय, खेळ नाही.

म्हणाला, "ताई, नका मागू ना. मैं बोला ना मेरी गलती. तेवढ्यावर सोडा."

मी सोडणाऱ्यातली नाही.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

पाठवलं त्याने शूटिंग. खाली लिहिलंय — 'कुणाला दाखवलं नाही. दाखवणार पण नाही. तुम्ही पण डिलीट करा.'

आकाश रिकामं आहे. ड्रोन कुठेच नाही. हजार पुरुष वादळ वादळ ओरडतायत. त्यात बाईचा एकच आवाज, कान चिरत जाणारा — "भोपळ्याऽऽ, ये!" वादळचे कान उभे राहतात. मान डावीकडे वळते.

तो बिथरला नव्हता. माझ्याकडे येत होता.