पाच किलोमीटरला एक खुर्ची

१ जानेवारी
संकल्प जाहीर केला. रत्नागिरी ते दापोली, सायकलने, दोन दिवसांत. वाडीतल्या विहारामागे अभ्यासिकेची खोली बांधून झाली, पण आत सतरंजीशिवाय काही नाही. वाडीच्या मुंबई मंडळाचे सेक्रेटरी अभयकाका फोनवर म्हणाले, आमू, तू चालवशील त्या दर पाच किलोमीटरला मंडळ एक खुर्ची देईल. अंतर सव्वाशे. म्हणजे पंचवीस खुर्च्या. घरातली पहिली पदवीधर म्हणून मी पुढाकार घेणं ओघानेच आलं.
धाकटा भाऊ सम्यक भरतीच्या परीक्षेला बसतोय. म्हणाला, ताई, पंचवीस राहू देत, मला एक पुरे. मांडीवर पेपर सोडवला की पाय झोपतात. त्याला मोठा विचार करायला शिकवलं पाहिजे.

५ जानेवारी
सराव सुरू. घर वर सड्याच्या पठारावर, ऑफिस खाली बंदराजवळ. जाताना सायकलने गेले. अजिबात दम लागला नाही. माझा फिटनेस मुळातच चांगला असणार.
संध्याकाळी सदूदादाचा मासळीचा टेम्पो वर येत होता. त्याने थांबून मागची फळी उघडली. सायकल आत टाकली. पहिल्याच दिवशी स्नायूंवर ताण नको.

९ जानेवारी
आठवडाभर येताना टेम्पो. रिकव्हरीला सरावाइतकंच महत्त्व आहे, असं वाचलं.
आईने विचारलं, रोज नुसती उतरतेस, मग चढाचं काय गो? तिला समजावलं, आधी स्पीड, मग स्टॅमिना. म्हणाली, चढ काय तुझ्या स्पीडला विचारून येणार? आणि ते कपडे वेगळे भिजत घाल, बांगड्याचा वास मारतोय.

१७ जानेवारी
टेम्पोत बसताना मोबाइलमधलं सायकलिंगचं ॲप बंद करायला विसरले. चढावरचा वेग बघून ॲपने ‘पर्सनल बेस्ट’ दिलं आणि मंडळाच्या ग्रुपवर परस्पर टाकलंही. डिलीट करणार होते, पण तोवर सगळ्यांनी अंगठे दिले होते. लोकांचा उत्साह मोडणं बरं नाही. काकांचा फोन आला, आमू, मुंबईत ज्याला त्याला दाखवतोय. जबाबदारी वाढली.
सोमवारपासून चढ.

१९ जानेवारी
चढ सुरू केला. पहिल्याच वळणावर चेन पडली. लगेच बसली, पण चेनचा स्वभाव कळेपर्यंत जोखीम नको. सदूदादाला फोन केला. म्हणाला, ताई, मागे बघा, मी उभाच आहे.

३० जानेवारी
वाटेत दोन खाड्या फेरीबोटीने ओलांडायच्या आहेत. काकांना विचारलं, बोटीत मी सायकलवरच बसून राहिले, तर ते अंतर धरणार का? म्हणाले, बोट नाही, टेम्पो नाही. टेम्पोत एकदा बसलीस की मोजणी बंद.
नियम कडक आहेत. मला असेच आवडतात.

१४ फेब्रुवारी
उद्या निघायचं. सदूदादाचा टेम्पो मदतीला मागून येणार. त्यात पाणी, केळी, बँडेज. चढाचा सराव थोडा राहिला, पण मानसिक तयारी पूर्ण आहे.
सम्यकने खुर्च्या कुठे येणार ते खोलीत खडूने आखलं. पंचवीस चौकोन. त्याचा खिडकीपाशी. तो मोठा विचार करायला शिकला.

१५ फेब्रुवारी
सकाळी विहारातून निघाले. सगळी वाडी जमली होती. जयभीमच्या घोषणा. आई डोळे पुसत होती. उतार उत्तम झाला. खाडीवरचा पूल ओलांडला, सात किलोमीटर पूर्ण. पुढे चढ. जरा श्वास घ्यायला थांबले.
मागून टेम्पो आला. सदूदादा उतरला आणि त्याने सवयीने फळी उघडली. मी सवयीने सायकल उचलून आत टाकली आणि पुढे त्याच्या शेजारी जाऊन बसले. चढ संपल्यावर तो म्हणाला, ताई, आज तुम्हाला चालवायची होती ना?
मागे केळ्यांजवळ बसून सम्यक हे सगळं मंडळाच्या ग्रुपवर लाइव्ह दाखवत होता. बोलला का नाहीस, असं विचारलं. म्हणाला, मला वाटलं हे प्लॅनमध्येच आहे.
काकांचा फोन आला. आमू, सायकल कुठाय? म्हटलं, माझ्यासोबतच आहे, काका. म्हणाले, सातवर मोजणी बंद.
एखादी हालचाल इतकी अंगात मुरणं, हे सरावाचंच यश म्हटलं पाहिजे.

२२ फेब्रुवारी
अभ्यासिकेचं उद्घाटन. मंडळाने नियमाप्रमाणे खुर्ची पाठवली. एक. शाल घालून तिच्यावर मलाच बसवलं. मुलं आपापल्या खडूच्या चौकोनात मांडी घालून बसली. मी जिद्द आणि सातत्य यांवर बोलले. पुढच्या वर्षी दापोलीहून इकडे यावं, म्हणजे उतार जास्त लागतील, असंही सुचवलं.
टाळ्या झाल्या. सम्यक प्रश्नपत्रिका घेऊन माझ्या बाजूला येऊन उभा राहिला. हळूच म्हणाला, ताई, उठतेस का? पेपर सोडवायचाय.
उठले.