उत्तरेच्या भिंतीवरचा कंदील

१ नोव्हेंबर २००७, एल्सबी, नॉर्थ डकोटा

पोचले! फार्गोहून एकटीने ड्राइव्ह केलं आणि एकदाही रस्ता चुकले नाही. नेपरव्हिलला बसलेल्या माझ्या नवऱ्याला, यतीनला, हे ऐकवायलाच हवं.

एल्सबी म्हणजे एक चर्च, एक पोस्ट ऑफिस, धान्याची उंच कोठारं आणि म्युनिसिपालिटीची एक खोली. कंपनीने मला गावाचा डिजिटल नकाशा करायला पाठवलंय. रस्ते, पाण्याच्या लाइन्स, घरं, सगळं मीच करणार. ड्रीम जॉब आहे यार!

माझं भाड्याचं घर गावातलं शेवटचं. दार दक्षिणेला. मागून हायवेकडून येणारा रस्ता, पलीकडे शेत, शेत संपलं की कॅनडा. मी कुंपण, टॉवर वगैरे इमॅजिन केलं होतं, पण आहे फक्त एक बुटका दगड. व्हिसाच्या भीतीने मी त्याच्या बरंच अलीकडून फोटो काढला. म्युनिसिपालिटीची क्लार्क मर्ना गरम सूप घेऊन आली. मनात मी तिला मर्नाकाकू करून टाकलंय.

४ नोव्हेंबर

आज सगळं गाव पायी फिरले. एक फनी गोष्ट दिसली. एकाही घराला उत्तरेकडे खिडकी नाही. रस्त्यावरच्या दिव्यांनाही त्या बाजूने काळे पत्रे ठोकलेत. मर्नाकाकू म्हणाल्या, त्या बाजूचा वारा वाईट. मी म्हटलं, वाऱ्याचं ठीक आहे, पण दिव्यांना पत्रे कशाला? तर त्यांनी माझा हीटर नीट चालतो का ते विचारलं.

६ नोव्हेंबर

शुक्रवारी लक्ष्मीपूजन, यतीन ड्राइव्ह करत येतोय! म्हणून कबाबच्या काड्या आणि गिफ्टचा गुलाबी कागद घेऊन आकाशकंदील केला. थोडा तिरका झालाय, पण क्यूट आहे. रस्त्यावरून दिसावा म्हणून मागच्या भिंतीवर लावला, वायर कपड्यांच्या ड्रायरची हवा बाहेर जायच्या भोकातून किचनमध्ये घेतली. घराला नंबर नाही, त्यामुळे यतीनला सांगितलं, कंदील दिसला की थांब. आई फोनवर म्हणाली, त्याच्यासाठीच तर लावतात, वाटेवरच्याला घर कळावं म्हणून.

पेटवला तर अख्खं शेत गुलाबी!

७ नोव्हेंबर

रात्री बर्फ पडला. सकाळी शेतात पावलं होती. खूप जणांची, काही लहान मुलांची. दगडाकडून सरळ माझ्या घराच्या दिशेने, आणि शेताच्या मध्यावर थांबलेली. परत गेल्याची खूण नाही. लोक कंदील बघायला आले असतील म्हणून मला आधी भारीच वाटलं. मग लक्षात आलं, तिकडे घरंच नाहीत.

८ नोव्हेंबर

पावलं आज रस्त्याच्या अलीकडे आहेत.

मर्नाकाकू आल्या, पण घरात येईनात. त्यांच्या आजोबांच्या काळातली गोष्ट सांगितली. हिमवादळात सीमेपलीकडची काही कुटुंबं गावाचे दिवे बघत चालत आली. भिंती वाजवत राहिली. गावात साथ होती, भीतीने कोणी दार उघडलं नाही. सकाळी ती भिंतींना टेकलेली सापडली.

मी म्हटलं, यतीन पोचला की लगेच काढते. त्या म्हणाल्या, "तुमच्याकडे दिवा कशासाठी लावतात मला माहीत नाही. इथे दिवा दाखवला म्हणजे बोलावलं."

यतीनला फोन करून उजेड असतानाच यायला सांगितलं. तो हसला. प्रॉमिस केलं.

९ नोव्हेंबर

कंदील लावायचा नाही असं ठरवलंय.

बर्फ. यतीनला उशीर. पाचलाच अंधार.

त्याचा फोन आला. समोरचं काही दिसत नाही, रस्ता कुठला शेत कुठलं कळत नाही म्हणाला. गाडीत पेट्रोल कमी आहे. गोठेल तो बाहेर —

लावला.

परत फोन. "दिसला गं कंदील! आणि एवढी गर्दी कोणाची? सगळे तुझ्या मागच्या भिंतीला टेकून उभेत. मुलं पण. थांब, विचारतो."

उतरू नकोस म्हणून ओरडले. गाडीचं दार उघडल्याचा आवाज आला. मग फोन कट.

प्लग ओढला.

समोरून बाहेर पडून कोपऱ्यापर्यंत गेले. गाडी रस्त्यावर, हेडलाइट चालू, दार उघडं. भिंतीशी कोणी नाही. सगळी पावलं आता परत, दगडाकडे. मधे यतीनच्या बुटांची —

आत आले. मर्नाकाकू फोन उचलत नाहीत. ९११ वाले म्हणतात, रस्ते बंद. दुसरं काही करता येत नाही म्हणून लिहितेय.

हाक ऐकू येतेय. लांबून. त्याचीच. नेत्रा, अंधार का केलास यार, घर कुठंय —

लावला तर सगळे येतील. नाही लावला तर तो —

लावला. दार उघडं टाकलंय. यतीन, ये. फक्त तू —

भिंत वाजतेय. आता बाजूची पण.

दारात कोणीतरी आहे. जॅकेट यतीनचं. पार जमिनीवर लोळतंय, घालणारं एवढं बुटकं. आत येऊ का विचारतंय. आवाज यती