ते बेल नव्हतं

प्रिय आई,

फोनवर तू रडायला लागतेस आणि माझं बोलणं तिथंच अडतं, म्हणून लिहितेय. रागातच लिहितेय. राग जायची वाट बघितली तर दिवाळी उजाडेल.

इचलकरंजीला परत गेल्यापासून सगळ्यांना सांगत सुटलीस, पद्मजा एका फुलासाठी आईवर ओरडली. एका? अगं, मेपलखालचा अख्खा वाफा भादरलास तू! ट्रिलियम म्हणतात त्याला. तीन पानं, तीन पाकळ्या. तुला वाटलं, अमेरिकेत बेल उगवला. सोमवार बघून पानांसकट खुडलंस आणि महादेवाच्या तसबिरीला वाहिलंस. विचारायचं तरी! मी आत चहाच करत होते.

त्या रोपाला वर्षाला तीनच पानं येतात गं. मेपलला पालवी फुटून सावली पडायच्या आत जेवढं ऊन मिळेल तेवढं त्या पानांनी घ्यायचं आणि खाली कंदाला पोसायचं. पानंच गेली तर कंद खाणार काय? आणि तू म्हणतेस, फुटतील पुन्हा. कोथिंबीर आहे का ती?

स्टेट कॉलेज गावातल्या या घरामागं सगळी सावलीच. तुझा जावई संग्राम म्हणायचा, इथं काही उगवायचं नाही, फरशी घालून ग्रिल ठेवू. तो गेल्यावर पहिल्याच पानगळीत मी चिखलात गुडघे टेकून कंद लावले. चार वर्षं नुसती पानंच बघितली. यंदा पहिल्यांदा फुलं आली. ऑफिसातून आले की कोट न काढता आधी तिथं जायचे. तुलाही हाताला धरून नेलं होतं. तेव्हा मान डोलावलीस की!

तेही मी गिळलं असतं. पण काल सावनीचा फोन आला. आमच्या धाकटीच्या पोटात काही राहतंय होय! संग्राम परत यावा म्हणून तू सोळा सोमवार धरलेत म्हणे. शुगर असताना! आणि माझी फुलंही त्याच्यासाठीच वाहिलीस. आई, तो मला सोडून गेला नाही. मी त्याला घालवला. लोक काय म्हणतील हे तुला सोसवणार नाही, म्हणून त्याला उलटं सांगू दिलं. आता बस. तो नाही म्हणून मी या घरात सुखानं जेवते, झोपते, हसते. महिनाभर राहून बघितलंस ना डोळ्यांनी? मग कुणासाठी मागतेस त्याला? येत्या सोमवारी सकाळीच पोटभर जेव, आणि महादेवाला सांग, मुलीनं व्रत मोडायला लावलं.

तुझीच, अजून चिडलेली,
पद्मजा