डबीला लावलेला गोंद

प्रिय धाकट्या,

‘प्रिय’ हे हाताच्या सवयीने लिहिलं गेलं. खोडलं असतं, पण कागद घाण करायची हौस मला नाही.

परवा बाबांना घेऊन लिलाववाल्यांकडे गेले. तू विकायला दिलेलं बाबांचं चांदीचं नाणं परत न्या, असा त्यांचा निरोप होता. फोनवर तू म्हणालास, “अगं, डबीची काहीतरी किरकोळ अडचण आहे.” किरकोळ! काउंटरवरच्या बाईंनी नाण्याची ती सीलबंद, पारदर्शक डबी समोर ठेवली, तर आतल्या राजाच्या तोंडावर साय धरल्यासारखा पांढरा थर. ज्याला आपण लहानपणी ‘नाकाड्या’ म्हणायचो, त्याचं नाकसुद्धा धड दिसेना. बाईंनी समजावून सांगितलं, की डबीचा कोपरा तडकला होता, तिथे कोणीतरी झटकन चिकटणारा गोंद भरला. त्याची वाफ आत कोंडली आणि चांदीवर बसली. नुसती तड असती तर काहीच बिघडलं नसतं. ‘डबी तडकलेली, नाणं उत्तम’ एवढं त्यांनी वर्णनात लिहिलं असतं आणि घेणाऱ्याने नव्या डबीत बसवून घेतलं असतं. आता सीलही गेलं आणि नाणंही डागाळलं.

मग बाई बाबांकडे वळल्या आणि बहिऱ्याशी बोलावं तशा मोठ्याने म्हणाल्या, “आजोबा, अशा वस्तूंशी खटपट करायची नसते हं!” रांगेतले लोक वळून बघायला लागले. मी विचारलं, हे तुम्हाला कोणी सांगितलं? तर म्हणे, यांच्या मुलानेच. वडिलांचं वय झालंय, दिवसभर काहीतरी उघडत नि चिकटवत बसतात, नंतर त्यांना आठवत नाही.

जन्मभर ज्यांनी लोकांची अडलेली कुलपं एक ओरखडा न पाडता उघडली, त्यांच्याबद्दल तू हे बोललास. आणि बाबा भांडले नाहीत रे. स्वतःच्या बोटांकडे बघत म्हणाले, “असेल. माझ्याच हातून झालं असेल.”

मी मात्र गप्प बसले नाही. बाईंकडे दोन फोटो निघाले. तू पहिल्यांदा डबी दाखवायला नेलीस तेव्हाचा एक, त्यात तड स्पष्ट आणि नाणं लखलखीत. दुसरा, तू ती ‘जरा पुसून आणतो’ म्हणून तुझ्या घरी नेलीस आणि परत आणलीस त्यानंतरचा. मधल्या काळात डबी तुझ्याकडे होती. बाबांनी तिला बोटही लावलेलं नाही. दाराबाहेर आल्यावर मी बाबांना हे सगळं सांगितलं, तर माझ्या पाठीवर थोपटत म्हणाले, “तू माझी समजूत काढतेयस, पोरी.”

ती तड कशी पडली ते तरी आठवतं का? पाहुण्यांसमोर ऐट मिरवताना तूच डबी फरशीवर आपटली होतीस. आई संतापली, तू पलंगाखाली दडून बसलास, आणि बाबा काय म्हणाले? “नाकाड्याचं घर तडकलं, नाकाड्या शाबूत आहे. ये बाहेर.” एवढंच. पुन्हा कधी विषय काढला नाही. तुला धंद्यासाठी पैसे हवेत म्हटल्यावर तेच नाणं त्यांनी हसत काढून दिलं. लिलावाच्या यादीत ‘तडकलेली’ हा शब्द छापून आला असता तर तुझं नाक कापलं जाणार होतं का? बरं, गोंद लावलास तो लावलास, मूर्खपणा माणसाकडून होतो. पण अंगाशी आल्यावर म्हाताऱ्या बापाला पुढे केलंस! धाकट्या, त्या काउंटरवर मला तुझी बहीण असल्याची लाज वाटली.

नाण्याचं मला काही नाही, ते गेलं खड्ड्यात. पण घरी आल्यापासून बाबा बदललेत. शेजारीण कुलूप घेऊन आली, तर तिला दारातूनच परत पाठवलं. कानशी, चिमटे, सगळी हत्यारं फडक्यात बांधून माळ्यावर टाकायला सांगितली. गॅस बंद केलाय का, हे मला पुन्हापुन्हा विचारतात आणि मी हो म्हटलं तरी उठून बघतात. काल तर घराच्या किल्ल्या माझ्या हातात ठेवल्या. म्हणाले, “या आता तुझ्याकडेच असू देत. माझा भरवसा नाही.”

फोनवर तू नेहमीसारखं हसण्यावारी नेलं असतंस, म्हणून लिहितेय. येत्या गुरुवारी सकाळी बाबा स्मरणशक्तीच्या डॉक्टरांकडे जाणार आहेत. वेळ त्यांनी स्वतःच घेतलीय, मला न विचारता. डोकं ठिकाणावर असलेला माणूस स्वतःला वेडा ठरवायला निघालाय, कारण त्याचा पोटच्या पोरावर स्वतःपेक्षा जास्त विश्वास आहे. माझं ते ऐकत नाहीत, तुझं ऐकतील. बुधवारच्या आत ये. फुलं, फळं, मिठाई काही आणू नकोस, बायकोला ढाल करून आणू नकोस. त्यांच्यासमोर बस आणि त्यांच्या डोळ्यांत बघून सांग, “बाबा, तुम्ही काही विसरला नाहीत. गोंद मी लावला, खोटंही मीच बोललो.” मग ते तुला माफ करतील, लगेच करतील, ते मला ठाऊक आहे. मी करेन की नाही, ते तू दारात उभा राहशील तेव्हा बघू.

संतापलेली, आणि तरीही तुझीच,
ताई