तेवीस कॅलरींची पारी

१६ जानेवारी १९४४, शहापूर. सकाळी.

नवी वही, नवे आयुष्य. ही वही माझ्याशिवाय कोणी वाचायची नाही. बायकोला, शकूला, वाचता येत नाही, तरी उशाखाली ठेवणार.

कसाऱ्याजवळ लष्करी मालाचा डेपो निघतो आहे. चेकरची जागा आहे, मी अर्ज केला. सातवी पास, अक्षर मोत्यासारखे, बोलणे तोलूनमापून. माझ्याशिवाय घेणार कोणाला? अट एकच, वजन एकशे दहा पौंड. काल आटगाव स्टेशनात पार्सलच्या काट्यावर उभा राहिलो. एकशे तीन. तपासणी १४ मार्चला. सात पौंड म्हणजे दोन कोंबड्या. एवढे काय.

शाळेतली माझी बदली मास्तरकी मार्चअखेर संपते. जागा मिळाली नाही तर मुरबाडला सासऱ्यांकडे शेतीला राहायचे, असे ठरले आहे. म्हणजे सासऱ्यांनी ठरवले आहे. घरजावई. त्यापेक्षा गोसावी झालेला बरा.

१९ जानेवारी.

धाऊ भेटला. तो कल्याणच्या छावणीत मेसला भाजी पुरवतो. तिथे चिनी आचारी आहे. तो मैद्याच्या पातळ पाऱ्या लाटतो, करंजीला असतात तशा, आणि आत सारण भरतो. लहान पारीच्या पदार्थाला वाँटन म्हणतात, मोठ्या पारीच्या पदार्थाला एग रोल. पारीत अंडे किती असते ते विचारले. धाऊला दिसले नाही.

पण खरा लाभ पुढेच. मेसच्या डॉक्टरने टाइप केलेल्या एका कागदात धाऊने आल्याची पुडी बांधून आणली होती. त्यावर कोष्टक. लहान पारी: कॅलरी २३. मोठी पारी: कॅलरी ९३. प्रोटीन वगैरेही आहे. सारणाचा रकाना कोरा. डॉक्टरने ज्याची दखल घेतली नाही, त्यात काय असणार?

शिपायाला रोज तीन हजार लागतात, असे खाली लिहिले आहे. आता फक्त गुणाकार करायचा.

२० जानेवारी.

आमच्याकडे माणूस किती जेवला हे भाकऱ्या मोजून सांगतात. दोन भाकऱ्यांचा गडी, चार भाकऱ्यांचा गडी. कोणी भाकरी काट्यावर घातलेली ऐकली आहे? तेव्हा मोजणीची पद्धत आमचीच, आकडा तेवढा विलायती.

संकल्प: भात बंद, सारण बंद. रोज पावशेर रेशनचा गहू, वस्त्रगाळ करून. कोंडा शेळीला.

शकूने पहिल्या दिवशी चाळीस पाऱ्या लाटल्या. ९२० कॅलरी. संध्याकाळी डोळ्यांपुढे थोडे काजवे चमकले. शक्ती शरीरात शिरताना असे होत असावे.

२४ जानेवारी.

मेव्हणा लडकू मुरबाडहून आला. बहिणीला वाल द्यायला आला आणि राहिला. शकू सारण करतेच, कारण नुसती पारी लाटायची तिला लाज वाटते. सुकट, अंडी, वाल, एकदा मटण. सारण टाकून देणे बरे नव्हे म्हणून ते लडकू खातो. भातही तोच खातो. बिचाऱ्याच्या वाट्याला सगळे निःसत्त्व येते. वाईट वाटते, पण एकाच घरात दोघांना पाऱ्या पुरायच्या नाहीत.

२ फेब्रुवारी. दुपारी, शाळेत.

मोठा शोध. मुले शुद्धलेखन लिहीत आहेत, मी इथे लिहितो.

पावशेर पिठाच्या चाळीस पाऱ्या होतात. त्याच पिठाच्या दुप्पट पातळ लाटल्या तर ऐंशी. ऐंशी गुणिले तेवीस, १८४०. म्हणजे गव्हाचा दाणा न वाढवता पोषण दुप्पट! सगळा देश धान्यासाठी रांगा लावतो आहे आणि उपाय लाटण्यात आहे. तपासणी झाली की कलेक्टरसाहेबांना लिहीन. आधी नोकरी, मग देश.

२ फेब्रुवारी. संध्याकाळी.

शकूला समजावले. तिने परातीकडे बघितले, माझ्याकडे बघितले. म्हणाली, "अवो, पीठ तर तेवढंच हाय."

शिकलेल्या माणसाने घरात अशा गोष्टींवर वाद घालू नये. घातला नाही.

६ फेब्रुवारी.

आटगावला वजन. एकशे एक. काटा आंब्याच्या करंड्यांसाठी आहे, माणसासाठी नाही. शिवाय सकाळीच हजामत केली होती.

लडकू गंमत म्हणून चढला. एकशे आठ. काटा बिघडलेला आहे हे त्यावरूनच सिद्ध झाले. पार्सलबाबूला तसे सांगितले. त्याने खाली उतरायला सांगितले.

१५ फेब्रुवारी.

आता मोठ्या पाऱ्या. शकूचा हात कमालीचा बसला आहे. आजची पारी अंकलिपीवर ठेवली तर खालचा पंधराचा पाढा स्वच्छ वाचता आला. पावशेरात पस्तीस मोठ्या. पस्तीस गुणिले त्र्याण्णव, ३२५५. शिपायाच्या वर गेलो.

जिना चढताना भिंत धरावी लागते. जिन्याचे काम कच्चे आहे.

२० फेब्रुवारी.

लडकूचाही अर्ज भरून टाकला. माझ्याच अक्षरात. तो चौथी पास आहे, डेपोला तेवढे चालते. मिळणार नाही हे त्याला माहीत आहे, पण माझ्या शेजारी कोणी उभे असले तर तपासणाऱ्यांना फरक कळतो. लडकू म्हणाला, दाजी, तुमी म्हणता तर येतो. गुणी पोरगा.

डेपोच्या नोकरीला शोभतील असे बूट शिवायला टाकले. सासऱ्यांना कार्ड टाकले की जागा मिळाल्यासारखीच आहे.

२७ फेब्रुवारी.

अठ्ठ्याण्णव.

विचार केला. फोल चरबी गेली, आता सत्त्व भरते आहे. विहीर खोल करताना आधी गाळ काढतातच.

शकू रात्री माझ्या सदऱ्याची बटणे आत सरकवून शिवत बसली होती. ती गप्प बसली की मला भीती वाटते, हे इथे लिहायला हरकत नाही.

९ मार्च. होळी.

पुरणपोळी. तत्त्व म्हणजे तत्त्व. बोटाने सगळे पुरण काढून लडकूच्या ताटात ठेवले आणि वरची पारी खाल्ली. शेजारच्या हिराबाई दारातून बघत होत्या. त्यांनी शकूला बाजूला घेऊन काहीतरी विचारले. शकू इतकी हसली की तिच्या डोळ्यांत पाणी आले. नंतर तेच पाणी बराच वेळ पुसत होती.

पुरणाचा वास फार वाईट. म्हणजे फार चांगला. बोट चाटले. ते मोजलेले नाही.

१४ मार्च. रात्री.

तपासणी झाली. आधी मला काट्यावर चढवले. सत्त्याण्णव. डॉक्टरने विचारले, काय खाता? मी कोष्टक पुढे केले, पद्धत सांगितली. रोज ३२५५ म्हणालो. त्याने कागद पाहिला, माझ्याकडे पाहिले आणि विचारले, एक पारी किती जाड? मी बरोबर नेलेली पारी दाखवली. त्याने ती उजेडात धरली. पलीकडे उभा असलेला लडकू तिच्यातून दिसत होता.

लडकू एकशे अठरा. आकडे वाचता येतात, पोती उचलता येतात. तो चेकर झाला.

घरी येताना लडकू म्हणाला, "दाजी, तुमचं बूट माझ्या पायाला बसतील का?"

बसले.

१ एप्रिल.

मास्तरकी संपली. सासऱ्यांचा निरोप आला. लडकू कसाऱ्याला गेल्याने शेतावर माणूस कमी पडतो आहे. शकूने बोचके आधीच बांधले होते.

१२ मे, मुरबाड.

महिनाभर राबाचा, म्हणजे भातरोपांची जमीन भाजायचा, पाला डोक्यावरून वाहिला. परवा राब भाजून झाला. सासूबाई भाकरी बोटाएवढी जाड थापतात. मी तीन खातो, बरोबर सुकट. कोष्टकाने तीन मोठ्या, म्हणजे २७९ कॅलरी. एवढ्यावर माणूस जगूच शकत नाही.

आज बाजारात मिरचीच्या व्यापाऱ्याकडे मोठा काटा होता. कोणी बघत नाही असे पाहून पारड्यात बसलो. शेरांचे पौंड केले, पुन्हा केले. एकशे अकरा.

उतरलो तर शकू मागे उभी. किती भरले, म्हणाली.

मी म्हणालो, काटा बिघडलेला आहे.