हलक्या माणसाची डोलकाठी

मी, तोरकिल ब्येरेगोर, वय अडुसष्ट, धंदा शिडे शिवणे व दुरुस्त करणे, राहणार व्हिडे सांडे, रिंगकोबिंग खाडीच्या काठी, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे पोट अर्धे कापले गेले असले तरी डोके जागेवर आहे, असे डॉक्टरांनी लेखी दिले असून तो कागद सोबत जोडला आहे. मला कोणी भरीस घातलेले नाही. याआधीच्या मृत्युपत्रात मुलीला मी कायद्याने द्यावे लागते तेवढेच ठेवले होते. ते रद्द समजावे.

१. राहते घर व बँकेतील शिल्लक माझी एकुलती मुलगी रेगित्से हिला मिळावी. ती ओडेन्सला शाळेत शिकवते. तिने येथे येऊन राहावे अशी अट नाही. विकावेसे वाटले तर विकावे. मात्र तिच्या आईने, म्हणजे माझी दिवंगत पत्नी मेरेटे हिने लावलेली गुलाबाची झुडपे दारात आहेत, ती विकण्याआधी खणून न्यावीत. नवा मालक तिथे गाडी लावील.

२. कारखाना, दोन्ही शिवणयंत्रे, कापायचे लांब टेबल, सुया, मेण आणि गिऱ्हाइकांची वही माझी मेहुणी सोल्वाय हिला द्यावी. मेरेटे गेली तेव्हा रेगित्से तेरा वर्षांची होती. तेव्हापासून सोल्वायने माझे टाके आणि माझी मुलगी दोन्ही सांभाळले. तिला मी पगार वेळेवर दिला, पण तिचे ऐकले नाही. ते केव्हा ऐकले नाही, हे पुढील कलमात लिहितो, कारण माझ्यामागे ते कोणालाच माहीत नाही असे होऊ नये.

३. सन २००४ च्या ऑगस्टमध्ये येथे फळीवर उभे राहून, हातात शिड धरून पाण्यावर पळायच्या, म्हणजे विंडसर्फिंगच्या शर्यती होत्या. रेगित्से सोळा वर्षांची, वजन अठ्ठेचाळीस किलो. माझे वजन तेव्हा ब्याण्णव होते. शर्यतीच्या आदल्या दिवशी मी तिच्यासाठी माझे स्वतःचे, पावणेसहा चौरस मीटरचे नवे शिड काढले आणि माझी चारशे तीस सेंटिमीटरची ताठ डोलकाठी. सोल्वाय हातात एक बारीक, मऊ काठी घेऊन उभी राहिली. तीनशे सत्तरची. ती म्हणाली,

"भावोजी, हिला ही द्या, आणि सव्वाचार मीटरचं शिड. तुमची काठी वाकायला तुमचं वजन लागतं. हिच्या वजनानं ती वाकणारच नाही. वाऱ्याचा झोत आला की शिडाचा शेंडा उघडून वारा सोडायला हवा. तो सुटला नाही, तर पोरगी सुटेल."

मी म्हणालो, "मऊ काठ्या बाहुल्यांना. तिला सवय होईल."

खरे कारण वेगळे होते. सगळी गिऱ्हाइके काठावर जमणार होती आणि माझे नवे शिड माझ्या मुलीच्या हातात दिसावे, अशी माझी हौस होती.

दुसऱ्या फेरीत झोत आला. शेंडा उघडला नाही. रेगित्सेला त्याने हातातल्या शिडाच्या दांडीसकट उचलून पुढे फेकले आणि काठी तिच्या उजव्या खांद्यावर आली. दोन शस्त्रक्रिया झाल्या. तो हात अजून डोक्याच्या वर जात नाही. फळ्यावर वरच्या ओळी ती डाव्या हाताने लिहिते. ती मला कधी काही बोलली नाही. एकोणिसाव्या वर्षी घर सोडून गेली. पुढे वाढदिवसाला आणि नाताळात फोन यायचा, आणि आम्ही हवामानाविषयी बोलायचो. पंधरा वर्षे आम्ही हवामानाविषयी बोललो.

पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर माझे वजन एकसष्टवर आले. गेल्या वर्षी मे महिन्यात डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर मी माझीच काठी आणि माझेच शिड घेऊन खाडीत उतरलो. पहिल्याच झोताला मी हवेत होतो. खाडी तिथे कमरेएवढी आहे म्हणून वाचलो. पाण्यात उभा राहून शिड पुन्हा वाऱ्यात उचलून धरले, तर काठी सरळच्या सरळ आणि शिडाचा शेंडा मुठीसारखा घट्ट मिटलेला. सोळा वर्षांच्या मुलीने त्या दिवशी काय धरून ठेवले होते, ते मला दोन्ही खांद्यांत कळले.

तसाच ओला कारखान्यात गेलो. सोल्वायने एवढेच विचारले, "वजन किती भरतंय आता, भावोजी?" मी सांगितले. ती शिडीवर चढली आणि वाशांवरून तीच बारीक काठी काढून माझ्यासमोर ठेवली. मी खाली बसलो आणि रडलो. तिने चहा केला, चहा होईपर्यंत माझ्याकडे बघितले नाही.

त्या काठीवर मी तो उन्हाळा काढला. आमच्या क्लबचा अध्यक्ष प्रेबेन काठावरून सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाला, "काय तोरकिल, लेकीचं शिड चोरलंस की काय?" त्याचा मला राग आला नाही. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी रेगित्सेला शाळेत फोन केला आणि हवामान सोडून बोललो. मे महिन्यातला झोत आणि बारीक काठी, सगळे सांगितले. तिने विचारले, "शिड किती मीटरचं?"

ऑगस्टमध्ये ती आली. पाण्यात उतरली नाही. काठावर बसून माझ्या शिडाची खालची दोरी, जी ताणली की शेंडा सैल होतो, ती मात्र तिने ओढली, डाव्या हाताने, पाय टेकवून. "अजून, बाबा," म्हणाली, "शेंडा सैल पडेपर्यंत."

४. सर्व बारीक काठ्या व पाच मीटरखालची शिडे क्लबकडे जावीत. ती कोणाला द्यायची ते सोल्वायने ठरवावे. तिला वजनकाटा घेऊन द्यावा. साठ किलोखालच्या माणसाला आधी वजन विचारावे, मग वारा बघावा, आणि जड माणूस त्याच वाऱ्यात जे शिड लावील त्यापेक्षा मीटरभर तरी लहान शिड द्यावे. शिडावर ज्या लांबीची काठी लिहिली असेल तीच लावावी. काठी हाताने उचलून बघावी. हलकी हवी, आणि लहान तळव्यात मावेल इतकी बारीक. "सवय होईल" असे म्हणणाऱ्याच्या हातात शिडांच्या खोलीची किल्ली देऊ नये.

५. माझी चारशे तीसची ताठ काठी प्रेबेनला द्यावी. त्याचे वजन सत्त्याण्णव आहे. त्याला ती शोभेल आणि तो तिच्याखाली सुखरूप राहील. एवढ्याने काठावरच्या त्या थट्टेची परतफेड झाली असे त्याने समजावे.

६. माझी राख समुद्रात सोडावी. कायद्याला लेखी इच्छा लागते, ती ही.

७. दुरुस्तीबाबत. हा मसुदा सही करण्यापूर्वी मी रेगित्सेला वाचून दाखवला. तिसऱ्या कलमात मी "माझ्या हातून नकळत" असे लिहिले होते. तिने तिथे मला थांबवले.

"नकळत नाही, बाबा," ती म्हणाली. "मावशीनं सांगितलं होतं. तुम्हाला माहीत होतं."

मी पेन मागितले. तिने दिले. ते तीन शब्द मी खोडले आहेत आणि शेजारी आद्याक्षरे घातली आहेत. ती खाडाखोड माझीच आहे, असे सर्वांनी धरून चालावे.

ठिकाण: व्हिडे सांडे
दिनांक: १४ सप्टेंबर २०२३

सही: तोरकिल ब्येरेगोर

आमच्या दोघांच्या देखत, शुद्धीवर असताना, त्यांनी सही केली. या मृत्युपत्रात आम्हा दोघांना काहीही मिळत नाही.

साक्षीदार १: गुड्रून लुंडे, परिचारिका
साक्षीदार २: आस्गर टॉफ्ट, बंदरातील पुलाचे रखवालदार