मोकळी जागा

दि. १२ फेब्रुवारी

ताई,

पत्र मिळालं. इकडे सगळे बरे आहोत. माझा खोकला गेला, दाढ काढली, आता डाव्या बाजूने जेवते. भावोजींचे गुडघे कसे आहेत? त्यांना म्हणावं, कुंड्या उचलायचं वय गेलं, आता नुसते हुकूम सोडा. ते त्यांना छान जमतं.

लेक, जावई आणि जुळी अजून माझ्याकडेच आहेत. दोन खोल्यांत पाच माणसं आणि जावयाची सायकल. तो बिचारा इतका संकोची की माझ्याआधी कधी न्हाणीघरात जात नाही, आणि मग रोज कामावर उशिरा पोचतो. दर रविवारी दोघं घर बघायला जातात, भाडं ऐकतात आणि तोंड पाडून परत येतात.

तू लिहिलंयस, ‘एकदा त्यांना आकड्यांनी लोळवलंस, आता माझ्यासाठी लोळव. गुरुवारच्या सुनावणीला ये आणि सांग की आमच्या जमिनीत पाणी साचतं, तिथे घरं होणार नाहीत.’ हे वाचलं आणि पत्र फडताळात ठेवून दिलं. उत्तर सुचत नव्हतं असं नाही.

आधी ते लोळवणं काय होतं ते सांगते, तुला धड कधी सांगितलंच नाही. नगररचना खात्याने जाहीर केलं होतं, की शहराच्या हद्दीच्या आतच पुढची वीस वर्षं पुरेल इतकी घरांसाठी मोकळी जमीन पडून आहे. इथे माझी लेक घरासाठी वणवण करतेय आणि हे म्हणतात, जमीन पडून आहे! माझा जन्म मोजणी खात्यात गेला. पायात बूट घातले आणि निघाले बघायला. त्यांनी विमानातून काढलेल्या फोटोंवरून मोजलं होतं. छप्पर दिसलं नाही की जागा मोकळी. इस्पितळाचं गाड्या लावायचं आवार मोकळं, शाळेचं मैदान मोकळं, ओढ्याचं पात्रसुद्धा मोकळं. अगं, दफनभूमी मोकळी! तेव्हाच्या सुनावणीत मी म्हटलं, तिथली मंडळी जागा सोडतील असं काही मला वाटत नाही. सगळे हसले, खुद्द नगररचनाकारही हसला. त्यांचा निम्मा आकडा तिथेच गळाला. माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं.

सगळ्यांना सांगते की हे लेकीसाठी केलं. लेकीसाठी होतंच. पण निवृत्त झाल्यापासून मला कुणी काही विचारत नव्हतं ताई, आणि त्या दिवशी अख्खं सभागृह कान देऊन ऐकत होतं. ते मला फार गोड लागलं.

आता पुढचं. तुम्हाला वाटतं, शहराची हद्द तुमच्या बाजूला सरकवायची हे खात्याने ठरवलं. सुनावणी संपल्यावर नगररचनाकाराने मला आपल्या खोलीत बोलावलं, चहा दिला, टेबलावर नकाशा पसरला आणि अगदी आदराने विचारलं, आत जमीन नाही हे पटलं बाई, मग बाहेर कुठल्या बाजूला जावं?

‘ते तुमचं काम’ एवढं म्हणून मला उठता आलं असतं. नाही उठले. उत्तरेला दलदल, पूर्वेला नुसता खडक. दक्षिणेला सपाट जमीन, रस्ता, गोडं पाणी. मी बोट ठेवलं. ते तुमच्या रोपवाटिकेवर होतं.

“इथे सध्या काय आहे?” त्याने विचारलं.

“विशेष काही नाही. मोकळीच आहे,” मी म्हटलं.

तू लग्न होऊन गेलीस तेव्हा तिथे नुसते दगड होते. ते तुम्ही दोघांनी वेचले. भावोजींचे गुडघे तिथेच गेले. माझी लेक तुझ्या वाफ्यांच्या कडेने चालायला शिकली. हे गेले तेव्हा मला कुठे उभं राहवत नव्हतं, तर तू मला तिथे नेऊन रोपांना पाणी घालायला लावलंस. आणि मी म्हटलं, विशेष काही नाही. ज्या चुकीवरून मी भर सभेत त्यांचं हसं केलं तीच मी केली. त्यांच्यापाशी निदान फोटोचं निमित्त होतं. मी तिथे जेवले आहे.

जिना उतरतानाच कळलं होतं काय बोलून बसले ते. उद्या जाऊन सांगू म्हटलं, गेले नाही. मग तुम्हाला नोटीस आली, तू फोनवर रडलीस, आणि मी त्या खात्याला तुझ्यापेक्षा मोठ्याने शिव्या घातल्या. सगळ्यात जास्त लाज मला त्या शिव्यांची वाटते.

पाणी साचतं असं मी म्हणणार नाही. साचत नाही, तुलाही ठाऊक आहे, आणि ते खोटं उभ्या उभ्या उघडं पडेल.

काल लेकीला सगळं सांगितलं. ती जुळ्यांच्या कपड्यांच्या घड्या करत होती, तशीच करत राहिली. मग म्हणाली, “आई, मला घर हवंय. मावशीचं नको.”

गुरुवारी मी येणार आहे. सगळ्यांसमोर सांगणार आहे की ही जमीन मोकळी नाही, मोकळी असं मी म्हटलं होतं, ते चूक होतं, आणि तिथे माझी बहीण राहते हे मी लपवलं होतं. तेवढ्याने हद्द मागे सरेल का? बहुधा नाही. शहरात जागा कमी आहे हा माझा आकडा खरा आहे, तो कुठे ना कुठे जमीन मागणारच. खरा आहे म्हणून मागे घेता येत नाही, हीच तर पंचाईत.

तुझ्या शेजारी बसायचं तोंड मला राहिलेलं नाही. मागच्या बाकावर बसेन. मला पुकारलं की वळून बघू नकोस, नाहीतर माझ्याच्याने बोलवणार नाही.

अजूनही तुझीच म्हणवून घेणारी,
धाकटी